अबोल इंग्रज : एका स्वभावचित्राची कुळकथा

इंग्रज मनुष्य मितभाषी असतो, भावनेचे प्रदर्शन करीत नाही, आगगाडीच्या डब्यात समोरच्या प्रवाशाशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही, आणि घरावर आकाश कोसळले तरी हातातला चहाचा पेला खाली ठेवीत नाही, ही समजूत पॅरिसपासून पुण्यापर्यंत इतकी सर्वमान्य आहे की ती एक समजूत आहे हेच सहसा ध्यानात येत नाही. राष्ट्रस्वभावाची अशी चित्रे खरी की खोटी, हा वाद बहुधा निष्फळ ठरतो. ती कोणी काढली, केव्हा काढली, आणि काढणाऱ्याला त्यांची कोणती गरज होती, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेत येतो. इंग्रजांच्या बाबतीत तो विशेष उद्बोधक आहे. गेल्या पाच शतकांत परस्थांनी काढलेली त्यांची चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि जेथे जुळतात तेथेही एकाच लक्षणाचा अर्थ प्रत्येकाने निराळा लावलेला दिसतो.

पंधरावे शतक संपता संपता दोन परदेशीय जवळजवळ एकाच वेळी इंग्लंडात वावरत होते. त्यांपैकी एक एरॅस्मस. १४९९ मध्ये त्याने पॅरिसमधील आपल्या एका कविमित्राला पत्र लिहून या देशात येण्याचा आग्रह केला. आग्रहाचे कारण मोठे गमतीचे आहे. येथे कोणाच्या घरी जा, निरोप घ्या, पुन्हा भेटा, प्रत्येक वेळी चुंबनांनी स्वागत होते, जिकडे वळावे तिकडे चुंबनेच, असे तो हर्षभराने कळवितो. दुसरा गृहस्थ व्हेनिसच्या वकिलातीतला. त्याचे नाव निश्चित नाही, पण १५०० च्या सुमाराचे त्याचे निवेदन उपलब्ध आहे. त्याला दिसले ते नेमके उलटे. इंग्रज आपली मुले सात किंवा फार तर नऊ वर्षांची झाली की दुसऱ्याच्या घरी सेवेला पाठवितात, आणि दुसऱ्यांची मुले आपल्या घरी ठेवून घेतात. यावरून त्यांच्या ठायी वात्सल्याचा अभाव आहे, असा निष्कर्ष तो काढतो. दरबारात किंवा सामान्यजनांत आपल्याला कोणी प्रेमात पडलेला दिसलाच नाही, तेव्हा हे लोक प्रेम लपविण्यात जगात अत्यंत कुशल तरी असले पाहिजेत किंवा प्रेम करण्यास असमर्थ तरी, असेही तो म्हणतो. पुढच्या पाचशे वर्षांचा सगळा वाद या एका विकल्पात सामावलेला आहे. परंतु त्या काळी त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

कारण सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील प्रवाशांना इंग्रज हा प्रामुख्याने गोंगाटाचा भोक्ता वाटत होता. १५९८ मध्ये एका तरुण सरदारपुत्राचा शिक्षक म्हणून हिंडत आलेला पॉल हेन्त्स्नर हा जर्मन विधिज्ञ आपल्या लॅटिन प्रवासवृत्तात लिहितो की, कानठळ्या बसविणारे सर्व काही या लोकांना प्रिय आहे : तोफांची सरबत्ती, नगारे, घंटा. थोडी अधिक झाली की मंडळी एखाद्या मनोऱ्यावर चढतात आणि व्यायाम म्हणून तासन्‌तास घंटा बडवीत बसतात. शतकाच्या अंतराने, १६९८ मध्ये, मिसाँ नावाच्या फ्रेंच प्रॉटेस्टंट आश्रिताने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्याच्या मते मारामारीसारखे जे जे काही दिसेल त्यात इंग्रजाला परमानंद होतो. हेच लोक पुढे निर्विकारपणाचा आदर्श ठरतील असे मिसाँला कोणी सांगितले असते, तर त्याने ते हसण्यावारी नेले असते.

इंग्रजांच्या मौनाची वार्ता अठराव्या शतकाच्या आरंभी कानावर येऊ लागते, आणि लक्षणीय गोष्ट अशी की ती प्रथमपासूनच उसनी आहे. १७११ मध्ये ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ पत्रातील आपल्या एका निबंधात इंग्रजांना इतर युरोपीय राष्ट्रांपेक्षा मौन अधिक आवडते असे म्हटले. पण लगेच पुस्ती जोडली की परदेशीय आपल्याविषयी जे सांगतात ते खरे असेल तर. म्हणजे आपण अबोल आहोत, हे इंग्रजाने परक्यांच्या तोंडून ऐकले आणि मग आपल्या भाषेत त्याची कारणे शोधली. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांचा जो भरणा आहे तोही या मितभाषित्वाचाच परिणाम, असे ॲडिसनचे प्रतिपादन. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याला फारसे मोल नाही, पण आरशात पाहून चेहरा ठरविण्याची ही रीत पुढे इंग्रजांच्या अंगवळणी पडली.

या मौनाचा अठराव्या शतकाने लावलेला अर्थ आजच्या अर्थाहून अगदी निराळा होता. इंग्रज बोलत नाही, कारण त्याचे अंतःकरण जड आहे; तो खिन्न आहे; धुक्याने, मांसाहाराने आणि अतिविचाराने त्याला एक काळोखा रोग जडला आहे, असे मानले जाई. १७३३ मध्ये जॉर्ज चेनी या वैद्याने या व्याधीवर जो ग्रंथ लिहिला त्याचे नावच मुळी ‘इंग्रजी विकार’ असे होते. (चेनी स्वतः स्कॉटिश. १७१२ मध्ये ‘जॉन बुल’ला जन्म देणारा अर्बथनॉटही स्कॉटिश, आणि पुढे नेपोलियनच्या तोंडी घातले गेलेले ‘दुकानदारांचे राष्ट्र’ हे वर्णन १७७६ मध्ये ग्रंथात वापरणारा ॲडम स्मिथही स्कॉटिशच. इंग्रजाच्या प्रतिमेवर शेजाऱ्यांचे किती ऋण आहे, हा एक स्वतंत्र विषय होईल.) मोन्तेस्क्यने १७४८ च्या आपल्या विख्यात ग्रंथात तर असा सिद्धान्त मांडला की, इंग्रज काहीही कारण नसताना आत्महत्या करतात, आणि हा त्यांच्या हवामानाचा परिणाम आहे. फ्रान्समधील सुशिक्षितांना यात तिळमात्र शंका वाटत नव्हती. वस्तुतः लंडनमध्ये मृत्यूंच्या कारणांचे साप्ताहिक तक्ते छापले जात आणि वृत्तपत्रे अशा घटना उघडपणे देत. इतरत्र त्या झाकल्या जात. जे छापले जाते ते अधिक घडते, असा हा भास होता. १८९७ मध्ये दुर्खेमने आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात आकडे मांडले तेव्हा १८६६ ते १८७० या काळात दर दहा लाखांमागे इंग्लंडात ६७, फ्रान्समध्ये १३५ आणि सॅक्सनीत २९३ असे प्रमाण निघाले. तोवर मोन्तेस्क्यच्या सिद्धान्ताला दीडशे वर्षे होत आली होती, आणि खिन्न इंग्रजाची प्रतिमा आकड्यांची वाट न पाहता केव्हाच अस्तास गेली होती.

व्होल्तेरचा इंग्रज या सर्वांहून निराळा भासतो, पण त्याची उपपत्ती अवघड नाही. १७२६ ते १७२८ तो इंग्लंडात राहिला. त्या देशासंबंधीची त्याची पत्रे १७३३ मध्ये इंग्रजीत आणि १७३४ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली, आणि पॅरिसच्या न्यायपीठाने ती जाळविली. त्याचा सहिष्णू, विवेकी, व्यापारदक्ष इंग्रज हा फ्रेंच राजसत्तेच्या आणि धर्मपीठाच्या पाठीवर ओढण्याचा चाबूक होता. परक्याची स्तुती ही पुष्कळदा घरच्यांना दिलेली शिवी असते, हे न ओळखले तर प्रवासवर्णनांचा इतिहास लिहिताच येणार नाही.

खिन्न माणूस रडतो. आणि अठराव्या शतकातला इंग्रज रडत होता, इतकेच काय, तो युरोपला रडावयास शिकवीत होता. रिचर्डसनच्या ‘पामेला’ (१७४०) आणि ‘क्लॅरिसा’ (१७४८) या कादंबऱ्यांनी फ्रान्स व जर्मनीतील वाचकांच्या डोळ्यांना धारा लावल्या. दिदरोने रिचर्डसनचे स्तोत्र गायिले. १७६८ मध्ये स्टर्नच्या भावुक प्रवासाचे पुस्तक निघाले तेव्हा त्याच्या शीर्षकातील विशेषणाला जर्मन प्रतिशब्द सापडेना. लेसिंगने अनुवादकाला ‘एम्प्फिंडझाम’ हा शब्द सुचविला, आणि त्या एका शब्दावरून जर्मन वाङ्मयातील एका संपूर्ण कालखंडाला नाव मिळाले. भावनाविवशता ही ज्या राष्ट्राने इंग्लंडकडून अनुवादाच्या मार्गाने आयात केली, त्याच राष्ट्राने पुढे इंग्रजांना भावनाशून्य म्हणावे, हा वाङ्मयेतिहासातील एक विलक्षण विपर्यास होय. प्रत्यक्ष संसदेतही अश्रूंना मज्जाव नव्हता. मे १७९१ मध्ये बर्कने मैत्री तोडल्याचे जाहीर केले तेव्हा फॉक्स भर सभागृहात रडला, आणि त्यामुळे त्याच्या पौरुषाला बाध आला असे कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

मग हे डोळे कोरडे झाले केव्हा? फ्रेंच राज्यक्रांतीनंतर अश्रूंना शत्रुपक्षाचा वास येऊ लागला, हे एक कारण. रूसोचे भक्त रडतात आणि मग माणसे कापतात, अशी धास्ती इंग्रज प्रतिष्ठितांनी घेतली. दुसरे आणि अधिक चिवट कारण म्हणजे एकोणिसाव्या शतकातील निवासी शाळा. साम्राज्याला कारभारी हवे होते, आणि आठव्या वर्षी आईपासून तोडलेले मूल तेविसाव्या वर्षी एखाद्या जिल्ह्याचा निर्विकार अधिकारी होऊ शकते, असा या शाळांचा अनुभव होता. व्हेनिसच्या त्या अनामिकाने १५०० मध्ये जो वात्सल्याचा अभाव पाहिला, तो आता शिक्षणपद्धती म्हणून प्रतिष्ठा पावला. वरचा ओठ ताठ ठेवण्याचा सुप्रसिद्ध वाक्प्रचारदेखील इंग्लंडचा नव्हे. त्याचे आरंभीचे छापील उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन पत्रांत आढळतात. इंग्रजांनी तो मागाहून घेतला आणि मग जगाने तो त्यांच्याच नावावर मांडला.

१८७२ हे वर्ष या कथेत मध्यवर्ती मानावे लागेल. त्या वर्षी हिपोलित तेनची इंग्लंडविषयीची टिपणे ग्रंथरूपाने आली आणि आत्मसंयमी, कर्तव्यकठोर इंग्रजाला फ्रेंच विद्वत्तेचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी चार्ल्स डार्विनने भावनाभिव्यक्तीवरील आपल्या ग्रंथात असे नमूद केले की, युरोपच्या काही भागांत पुरुष सहज अश्रू ढाळतात, पण इंग्रज पुरुष अत्यंत तीव्र दुःखाखेरीज क्वचितच रडतात. राष्ट्रीय संकेत आता शास्त्रीय निरीक्षण म्हणून नोंदला गेला. हाच डार्विन चार वर्षांनी घरच्यांसाठी आत्मवृत्त लिहीत होता. १८५१ मध्ये दहाव्या वर्षी वारलेल्या ॲनीचे गोड वागणे आठवले की अजूनही कधी कधी डोळ्यांत पाणी येते, असे त्याने तेथे लिहिले आहे. आणि त्याच १८७२ च्या अखेरीस पॅरिसच्या एका दैनिकात ज्यूल व्हर्नची एक कादंबरी क्रमशः येत होती. तिचा नायक फिलिआस फॉग.

जगाच्या मनातील अबोल इंग्रज पाहावयाचा तर तो फॉगमध्ये. घड्याळासारखा नियमित, पत्त्यांच्या डावात मग्न, कशानेही न डगमगणारा. हा गृहस्थ मुंबईस उतरतो, आणि व्हर्न मोठ्या कौतुकाने यादी देतो : टाउन हॉल, ग्रंथालय, किल्ले, गोद्या, बाजार, घारापुरीची लेणी, यांपैकी कशाकडेही फॉग ढुंकून पाहत नाही. तो पारपत्रावर शिक्का घेतो आणि स्टेशनावर जेवावयास बसतो. मलबार हिलवरील देवळात पायताणांसह शिरून मार खाण्याचे काम त्याच्या फ्रेंच नोकराकडे सोपविलेले आहे. पुढे बुंदेलखंडातील सतीच्या चितेवरून जी आउदा सोडविली जाते, ती व्हर्नच्या सांगण्यानुसार मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याची कन्या! पारशी कन्या सती जाण्याचा हा प्रसंग लेखकाने भारत पाहिला नव्हता याची पुरेशी साक्ष देतो. परंतु व्हर्न एक गोष्ट जाणून होता. कादंबरीच्या शेवटी विवाहाचा प्रस्ताव मांडते ती आउदा. आणि तेव्हा फॉगचे ओठ कापतात, डोळ्यांत निराळे तेज येते आणि तो आपले प्रेम बोलून दाखवितो. म्हणजे फ्रेंच कल्पनेतील अबोल इंग्रजाच्या आतही अठराव्या शतकातील तो सहृदय पुरुष शिल्लक होता. मौन हा त्याचा अंगरखा होता. व्हेनिसकराच्या विकल्पापैकी पहिल्याच्या, म्हणजे लपविण्याच्या, बाजूने व्हर्नने कौल दिला.

भारतीयांनी तो कौल इतक्या सहजी दिला नाही. युरोपीय प्रवाशाला इंग्रज पाहुण्याच्या नात्याने भेटत होता. भारतीयाला तो प्रथम व्यापारी आणि मागून राज्यकर्ता म्हणून भेटला. रामचंद्रपंत अमात्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली ‘आज्ञापत्र’ ही राजनीती १७१५-१६ च्या सुमाराची. तीत टोपीकरांचे जे वर्णन आहे त्यात मौन नाही, खिन्नता नाही, हवामान तर नाहीच. हे लोक सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा आहे. जात हट्टी, हाती आलेली जागा मरणानेही न सोडणारी. म्हणून समुद्रकाठी यांना इमारत बांधू देऊ नये, असा तेथील इशारा आहे. ॲडम स्मिथच्या आणि नेपोलियनच्या आधी, कोकणकिनारा राखणाऱ्या एका राज्याच्या अमात्याने ‘दुकानदारांच्या राष्ट्रा’विषयी युरोपला उशिरा कळलेली गोष्ट लिहून ठेवली होती : दुकानामागे तलवार आहे. या लेखनाला स्वभावचित्र म्हणण्यापेक्षा टेहळणी म्हणणे अधिक योग्य. आणि म्हणूनच ते अचूक आहे.

लखनौचा मिर्झा अबू तालिब खान १७९९ मध्ये विलायतेस निघाला. लंडनच्या उच्चभ्रू घरांतून ‘इराणी राजपुत्र’ म्हणून त्याचे कोडकौतुक झाले. त्याने आपल्या फारसी प्रवासवृत्तात इंग्रजांचे गुणही सांगितले, आणि बारा दोषही मोजले : धर्माविषयी अनास्था, गर्व, द्रव्यलोभ, चैन, वेळेचा अपव्यय, स्वार्थ, परकीयांच्या रीतींविषयी तुच्छता इत्यादी. या यादीत एक दोष शीघ्रकोपीपणाचा आहे. थंडपणाचा नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर लंडनचे घरगुती जीवन जवळून पाहणाऱ्या चाणाक्ष भारतीयाला इंग्रज तापट वाटला, ही साक्ष पॉल लँगफर्ड यांच्या २००० सालच्या इंग्रजी स्वभावविषयक ग्रंथातील, किंवा टॉमस डिक्सन यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या इंग्रज अश्रूंच्या इतिहासातील कोणत्याही पुराव्याइतकीच मोलाची मानली पाहिजे.

१८५७ नंतर भारतीयांच्या मनातील साहेब गप्प झाला. क्लब, छावण्या, सिव्हिल लाइन्स यांच्या पलीकडे तो राहू लागला आणि त्याच्या तोंडून हुकुमाखेरीज काही ऐकू येईनासे झाले. येथे मराठीचा अनुवादक अडतो, आणि त्याचे अडणे अर्थपूर्ण आहे. इंग्रज ज्या अलिप्ततेला आपला गुण समजतो तिला मराठीत निःपक्षपाती शब्द नाही. ‘संयमी’ म्हटले की प्रशंसा झाली. ‘तुसडा’ म्हटले की निंदा. ‘आतल्या गाठीचा’ म्हटले की कपटाचा आरोप आला. ‘अबोल’ त्यातल्या त्यात सौम्य, पण त्याच्या शेजारीच ‘अबोला’ उभा आहे, आणि अबोला हा स्वभाव नसतो. तो कोणीतरी कोणाशीतरी धरलेला असतो. फ्रेंच माणसाने इंग्रजाचे मौन पाहिले. भारतीयाने त्याचा अबोला सोसला. भारतीय भाषांतील कथाकादंबऱ्यांत जो साहेब येतो त्याच्याविषयी लिहिताना समीक्षकांनी हा भेद नेहमीच पाळलेला नाही. फॉगचा अंगरखा कलेक्टरच्या अंगावर चढविला की चित्र मनोरंजक होते, पण खोटे होते.

खुद्द इंग्रज लेखकांपैकी ज्यांनी हे ओळखले त्यांचा भारताशी किंवा ब्रह्मदेशाशी संबंध होता, हा योगायोग नव्हे. ई. एम. फॉर्स्टर यांनी इंग्रजांच्या स्वभावावरील टिपणांत असे निदान केले की, इंग्रजाला भावना नाहीत असे नाही, त्याचे हृदय अविकसित आहे. आणि दोष शाळांचा आहे. त्याच लेखात त्यांनी एका भारतीय मित्राशी झालेला निरोपाचा प्रसंग सांगितला आहे. सुटीचा आठवडा संपला म्हणून मित्र शोकाकुल झाला. लवकरच पुन्हा भेटू, एवढ्याने दुःख कसले, अशी फॉर्स्टरांनी त्याची समजूत घातली. त्यावर भावना काय बटाट्यांसारख्या पोत्यातून मोजून द्यावयाच्या असतात, असे मित्राने सुनावले. जॉर्ज ऑरवेल त्याहून पुढे गेला. ब्रह्मदेशातील पोलीस अधिकारी म्हणून एका हत्तीला गोळी घालावी लागली त्या प्रसंगावरील १९३६ च्या निबंधात तो सांगतो की, हजारो एतद्देशीय डोळे पाहत असताना साहेबाला साहेबासारखेच वागावे लागते. तो मुखवटा चढवितो आणि चेहरा हळूहळू मुखवट्याच्या आकाराचा होतो. ॲडिसनने परक्यांच्या सांगण्यावरून आपले मौन मान्य केले होते. ऑरवेलचा साहेब परक्यांच्या नजरेखाली ते घडवून घेतो.

विसाव्या शतकात फ्रेंचांनी या प्रतिमेचे विनोदात रूपांतर केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर राहिलेल्या आंद्रे मोर्वाने १९१८ मध्ये जी कादंबरी लिहिली तिच्या शीर्षकातच कर्नल ब्रॅम्बलची मौने आहेत. १९५४ मध्ये प्येर दानिनॉसचा मेजर टॉम्प्सन आला. बुडापेस्टहून गेलेल्या जॉर्ज मिकेशचे १९४६ चे पुस्तक याच जातीचे, पण त्याचे वाचक मुख्यतः इंग्रजच निघाले. आपले व्यंगचित्र विकत घेण्याची हौस त्या राष्ट्राला मोठी आहे. स्वातंत्र्योत्तर भारतीयांनाही आता पाहुण्याच्या नात्याने इंग्लंड पाहता येऊ लागले. नीरद चौधुरी यांचे १९५९ चे इंग्लंडवर्णन तेथील गर्दीच्या निःशब्दतेने विस्मित झालेले आहे, आणि १९६० च्या ‘अपूर्वाई’त पु. ल. देशपांडे यांनी त्याच निःशब्दतेकडे मिस्कील जिव्हाळ्याने पाहिले. सत्तांतरानंतर एका तपाच्या आत मराठी लेखकाला अबोल्याचे मौन झालेले दिसावे, ही स्वातंत्र्याची एक न मोजलेली मिळकत म्हणता येईल.

या परंपरेतील अखेरची मोठी कृती नागासाकीत १९५४ मध्ये जन्मलेल्या आणि पाचव्या वर्षी इंग्लंडात आलेल्या काझुओ इशिगुरो यांची. १९८९ च्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ या त्यांच्या कादंबरीचा निवेदक स्टीव्हन्स हा एका सरदाराच्या वाड्यातील मुख्य सेवक. आणि तो सरदार जर्मनीशी सलोखा साधता साधता नात्सींच्या हातचे बाहुले होत जातो. निर्विकारपणाला येथे प्रथमच जाब विचारला गेला : जो मालकाच्या पातकापुढेही चेहरा ढळू देत नाही त्याच्या संयमाची किंमत काय? वाड्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरलेली असताना वरच्या मजल्यावर स्टीव्हन्सचा वृद्ध पिता मरणपंथाला लागतो, आणि तो खाली पाहुण्यांना मद्य देत राहतो. आपण रडत होतो असे तो वाचकाला कोठेही सांगत नाही. तुम्ही रडत आहात असे दिसते, असे त्याचा मालक म्हणतो. स्टीव्हन्स हसतो, रुमाल काढून चटकन चेहरा पुसतो, आणि क्षमा मागून दिवसभराच्या दगदगीचे कारण पुढे करतो.